मरोळची खरखर

मुरगाव बंदर,
२६ नोव्हेंबर १९८८

तीर्थरूप बाबा व सौ. आई यांच्या चरणी लवूचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

उद्या जहाज दक्षिण ध्रुवाकडे सुटेल. आई फार रडली. तिला माझे काम समजावून सांगा. सूर्याकडून आलेले विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकतात. उत्तर-दक्षिण गिरक्या घेतात आणि जमिनीला न टेकता माघारी फिरतात. पृथ्वीभोवती त्यांचे कडेच तयार होते. चुंबकीय वादळात ते कडे फुगते आणि काही कण ध्रुवाजवळच्या हवेत कोसळतात. तेव्हा आमचा रेडिओ नुसता खरखरतो. एरवी दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी मरोळच्या चंद्रप्रकाश यांच्या घरच्या हौशी रेडिओवरून बोलता येईल. आईच्या हृदयाला जपा.

दोघांच्या मायेचा धनी,
लवू

ध्रुवीय ठाणे,
१६ मार्च १९८९

ती. बाबांना सा. न.

परतीचे जहाज निघते आहे, म्हणून घाईने लिहितो. बाबा, ज्या वादळासाठी इतक्या दूर आलो, ते आले! सोमवारी उपकरणाची सुई कागदाबाहेर गेली. आम्ही अक्षरशः नाचलो. रेडिओ मात्र अजून मुकाच. आईला म्हणावे, रागावू नकोस, पुढच्या महिन्यात दुप्पट बोलेन. माझ्या शुद्धलेखनावर या वेळी लाल शाई नको!

आपला,
लवू

बोरीवली,
२३ एप्रिल १९८९

चि. लवू यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल पोहोचले. तू ते लिहिलेस, त्याच्या दोनच दिवस आधी तुझी आई गेली होती. लाल शाई वापरली नाही. पत्र तिच्या तसबिरीपुढे ठेवले आहे.

ही वार्ता या महिन्याच्या सोमवारी रेडिओवर कळल्यावर तू एकच विचारलेस : आई रागावली होती का? परक्या घरी, यंत्रापुढे, माझ्याने बोलवले नाही. हे पत्र तुला डिसेंबरच्या जहाजाने मिळेल. तरीही उत्तर देणे माझे कर्तव्य आहे.

वादळाच्या त्या सोमवारी डॉक्टरांनी मनाई केली असतानाही ती टॅक्सीने मरोळला आली. यंत्रातून खरखरीखेरीज काही येईना. चंद्रप्रकाश खजील होऊन ते बंद करू लागले, तेव्हा तिने त्यांचा हात धरला. राहू द्या हो, आज लवूकडे त्याची ती सूर्याकडची पाहुणेमंडळी आली आहे, तो कामात असेल, असे म्हणाली. मग पदर सावरून बराच वेळ ऐकत बसली. उठताना त्या खरखरीलाच तिने बजावले, की वेळेवर जेवत जा आणि कानांना गार लागू देऊ नकोस.

ते दोन्ही पाळावेस.

तिच्या वाट्याचे आशीर्वादही यापुढे माझ्याच हस्ताक्षरात,
बाबा