तीन महावादळांचा शोध

३ मार्च, सकाळी साडेसहा
आजपासून शिस्त. रोज आठच्या ठोक्याला लॅबमध्ये हजर. तळ्याच्या तळातून काढलेला दीड मीटर गाळ माझी वाट बघतोय. वर आजचा, तळाशी चारशे वर्षांपूर्वीचा. सेंटिमीटर-सेंटिमीटर कापायचा, वाळवायचा, चाळायचा आणि मायक्रोस्कोपखाली वाळूचे कण मोजायचे. तळ्याच्या मधोमध वाळू पोचते ती फक्त सोसाट्याच्या वाऱ्याने. कण जास्त, म्हणजे वर्षं वादळी. इतकं सोपं आहे. नेमणूक महिनाअखेरीला संपतेय. मुदतवाढ हवी असेल तर समितीला काहीतरी दाखवा, असं आमचे प्रमुख सर म्हणाले. दाखवतोच.

३ मार्च, संध्याकाळी
पावणेअकराला पोचलो. टेबल लावण्यात दिवस गेला. लॅबच्या बाई वीस वर्षं इथेच आहेत, बोलतात कमी, वहीत लिहितात जास्त. त्या म्हणाल्या, खिडकी बंद ठेवत जा. मी म्हटलं, बाई, मोकळ्या हवेशिवाय माझं डोकं चालत नाही. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. पटलं असावं.

४ मार्च
बारा नमुने! ट्रे खिडकीत वाळत घातले. ऊन छान येतं, ओव्हन कशाला? शेजारी इमारतीचं काम चालू आहे, दिवसभर नुसता धुरळा आणि घरघर. माझी एकाग्रता तसूभरही ढळली नाही.

५ मार्च
पाठ धरली. कालच्या श्रमांमुळेच.

६ मार्च
पाठ बरी आहे. पण आठवड्याच्या शेवटी कुठे सुरुवात करायची? सोमवारपासून दणक्यात.

१० मार्च
बाईंनी दरम्यान चाळीस नमुने उरकले. खिडकी बंद, ओव्हन चालू, ट्रेवर झाकण. कल्पकता म्हणून नाही. मी आज पंधरा केले.

११ मार्च
शिंका. घरी.

१३ मार्च
वीस! खिडकीशी उभा राहून खूप विचार केला. उरलेले बाई करतील.

१८ मार्च
शोध लागला!! मोजणी पूर्ण. आधी वाळूच वाळू, मग एकदम सामसूम, मग पुन्हा वाळू, पुन्हा सामसूम, पुन्हा वाळू आणि तळाशी पुन्हा सामसूम. चारशे वर्षांत तीन महावादळं, आणि आजवर कुणाला पत्ता नाही. बायकोला फोन केला. ती म्हणाली, तीनशे वर्षांपूर्वीचं वादळ सापडलं, छान झालं, आता प्लंबर सापडतो का बघ. घरच्यांना कधीच कळत नाही.

२५ मार्च
सरांना आलेख दाखवला. त्यांनी चष्मा पुसून तो पुन्हा बघितला. मला वाटलं, भारावलेत. मग म्हणाले, बाईंना बोलवा. बाई वही घेऊन आल्या. कोणता नमुना, कोणत्या तारखेला, कुणी वाळवला, सगळं त्यात. सरांनी वही आलेखाशेजारी ठेवली. पहिलं महावादळ: ४ मार्च. दुसरं: १० मार्च. तिसरं: १३ मार्च. सर म्हणाले, तुम्ही आलात की वादळ, नाही आलात की शतकभर शांतता.

योगायोग असू शकतो, असं मी म्हटलं. सरांनी मायक्रोस्कोपकडे बोट दाखवलं. तीनशे वर्षांपूर्वीच्या कणाला सिमेंट चिकटलं होतं.

निदान वाऱ्याची नोंद तर झाली, असं मी म्हणालो. बाईंनी उठून खिडकी बंद केली.

२५ मार्च, संध्याकाळी
बायकोला सांगितलं. ती हसून हसून खाली बसली. मग डोळे पुसत म्हणाली, बरं, एक तारखेपासून काय? हा प्रश्न मी महिनाभर स्वतःला विचारलाच नव्हता.

२८ मार्च
समिती. दहा मिनिटांचं भाषण पाठ केलं होतं, दोन मिनिटांत संपलं. मग समितीने बाईंना माझ्याबद्दल विचारलं. मी मान खाली घातली. वीस वर्षांत इतकी अचूक मोजणी पाहिली नाही, असं बाई म्हणाल्या. संशय आला म्हणून त्यांनी माझे सगळे नमुने पुन्हा मोजले होते. चौदा हजार कणांत एकाचाही फरक नव्हता. माणूस चुकीची वाळू मोजतो, पण मोजतो बरोबर, एवढं बोलून त्या बसल्या. मला रडू येईल असं वाटलं. खिडकीवरून मी त्यांना काय काय ऐकवलं होतं!

३१ मार्च
तीन महिन्यांची मुदतवाढ. पद: बाईंचा मदतनीस. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त बरं वाटलं.

४ एप्रिल
माझ्या वाट्याचे सगळे नमुने त्याच थरांच्या राखून ठेवलेल्या गाळातून पुन्हा केले, झाकण ठेवून. आज मोजणी संपली. पहिल्या महावादळाच्या काळातले वाळूचे एकूण कण: दोन. दुसऱ्या: एक. तिसऱ्या: शून्य. बाईंनी तपासले. बरोबर आहेत म्हणाल्या.