मीठ-मिरची ओवाळणारा हात

आये गो,

तुला जाऊन वर्ष व्हायला आलं आणि आज पहिल्यांदा लिहितेय. घाबरलेय म्हणून लिहितेय. लहानपणीही घाबरले की तुझ्याकडेच यायचे, मग ती भीती तुझीच असली तरी.

काल संध्याकाळी सईच्या हातून तुझ्या कोकमाच्या आगळाची बाटली फुटली. तू केलेली शेवटची. सोलकढीलासुद्धा मी ती काढत नव्हते, नुसती ठेवली होती. लादीवर सगळं लाल झालं आणि मी तिला मारलं. चापट नव्हे. सहा वर्षांच्या पोरीच्या पाठीवर पाची बोटं उठली, तरी थांबले नाही.

पण खरी घाबरले ती त्यानंतर. माझा हात आपसूक मिठाच्या बरणीकडे गेला. मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या. मूठ करून वळले, तर सई भिंतीला टेकून, डोळे मिटून ताठ उभी. मी तिला काही सांगितलं नव्हतं गं. तिला सवय झालीय, आणि ते मला काल कळलं.

मीही पडवीत तशीच उभी राहायचे ना? दुपारी तू शिपटीने फोडून काढायचीस आणि तिन्हीसांजेला माझी नजर काढायचीस. "कोणाची गो नजर लागली माझ्या चेडवाक? इल्या-गेल्याची, वाटेवयल्याची, शेजाऱ्या-पाजाऱ्याची." सगळ्या गावाचं नाव घ्यायचीस, तुझं सोडून.

मिरच्या चुलीत टाकल्यावर ठसका आला नाही की म्हणायचीस, "बघ, केवडी नजर लागलेली." आणि मग कुशीत घ्यायचीस. दिवसभरातली तेवढीच कूस. त्या कुशीसाठी मी मुकाट मार खायचे, तुला माहीत होतं का?

एकदा तुझ्या कोपराजवळचा डाग कसला म्हणून विचारलं. "आवशीन उलथण्याचो चटको दिल्यान. पण माजी नजर काडूक ती कधी इसारली नाय हां." किती अभिमानाने सांगितलंस! आजीने तुला चटका देऊन मीठ ओवाळलं, तू मला मारून. तुला कधीच शंका आली नाही?

काल मी मिरच्या तव्यावर टाकल्या. ठसका आला नाही. एक्झॉस्ट फॅन चालू होता, हे काय मला कळत नाही? कणकवलीच्या ऑफिसात बसून दिवसभर लोकांना शहाणपण शिकवते मी. तरी क्षणभर नजर खरीच वाटली. तेवढ्यात सईने डोळे उघडून विचारलं, "आई, कोणाची होती?"

"असेल रस्त्यावरच्या कुणाचीतरी," मी म्हटलं. आये, तो तुझा आवाज होता.

तिने मान डोलावली आणि माझ्या कुशीत शिरली. सगळ्यात जास्त भीती मला तिच्या त्या शिरण्याची वाटली.

तुला दोष द्यायला बसलेली नाही मी. माया करायची दुसरी रीत तुला कुणी दाखवलीच नाही, हे कळतं. पण कळलं म्हणून राग गेलेला नाही. आणि उद्या सईला मूल झालं की तीही मिठाच्या बरणीकडे... पुढचा विचार करवत नाही.

इथल्या एका मनाच्या डॉक्टरबाईंची वेळ घेतलीय. या हाताचं काय करायचं ते त्यांना विचारणार आहे. आणि आज सई शाळेतून आली की जवळ घ्यायच्या आधी तिला सांगणार आहे, की बाळा, नजर कोणाचीच नव्हती. मारलं ते मी.

त्यावर ती कुशीत आली नाही तर? नाही तर नाही. मी वाट बघेन. तिला खरं सांगायचं हे वचन तुला देते, कारण 'मारलं ते मी' एवढंच मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.

खाली शाळेची रिक्षा थांबली वाटतं. दार उघडायला जाते.

तुझं चेडू,
सुजाता