भिंतीतली हिरवी तार

जळगाव, ६ जानेवारी २०२५

ती. झिपरूभाऊ यांना,
धाकट्या बहिणीचा, द्रौपदाचा, सप्रेम जयभीम. वि. वि.

घशाच्या ऑपरेशनात तुमचा आवाज गेला, मोबाइलवरची बारीक अक्षरं तुम्हाला दिसत नाहीत, म्हणून पत्र. तुमचा आवाज गेला तसं माझं नाक गेलं. करोनानंतर वास येतच नाही. मागच्या आठवड्यात दूध उतू जाऊन गॅस विझला, बटण चालूच राहिलं, आणि मी शेजारीच मेथी निवडत बसले होते. शेजारच्या लताबाई धावत आल्या, बठ्ठं घर गॅसनं भरेल शे म्हणाल्या, तेव्हा सगळं घर गॅसनं भरल्याचं कळलं.

प्रशीलने नाशिकहून बजावलं, की आई, गॅस तरी सोड, नाहीतर घर सोडून माझ्याकडे ये. घर मी सोडणार नाही. मग त्याने ओट्यात बसवायची दोन चुलींची विजेची शेगडी पाठवली. तिला पिनच नाही, नुसत्या तीन तारा बाहेर आल्यात. पिन लावून मिक्सरच्या प्लगमध्ये खोचली तर चालेल का? घराचं वायरिंग तुमच्या हातचं, म्हणून तुम्हालाच विचारते.

वहिनींना जयभीम. माया आहे ती अशीच असू द्यावी.
तुमची द्रौपदा

धुळे, ११ जानेवारी

चि. द्रौपदा हिस,
जयभीम आणि आशीर्वाद.

मिक्सरच्या प्लगमध्ये अजिबात खोचू नकोस. दोन्ही चुली लावल्या की अशी शेगडी साडेतीन किलोवॅट ओढते. मिक्सरची तार तेवढा भार घेणार नाही. ती भिंतीच्या आत तापेल, वितळेल, आणि तुला वासही येणार नाही.

शेगडीसाठी मेन बोर्डापासून वेगळी लाइन लागते. चार एमएमची तांब्याची तार, जास्त भार आला की आपोआप पडणारा वीस अँपिअरचा स्वतंत्र एमसीबी, आणि ओट्यालगत हाताशी येईल असा स्विच. तो शेगडीच्या वर मात्र नको. वीज कंपनीकडून मंजूर भारही वाढवून घे. काम परवाना असलेल्या वायरमनलाच दे. लहानपणी बॅटरी उघडून तुला ती परत जोडता आली नव्हती, हे मी विसरलेलो नाही.

सगळ्यात आधी घराचं अर्थिंग मीटर लावून तपासायला सांग. तोवर शेगडी खोक्यात राहू दे.

तब्येत जपावी, खुशाली कळवत राहावं.
तुझा भाऊ झिपरू

जळगाव, २० जानेवारी

ती. भाऊंना सप्रेम जयभीम. वि. वि.

लताबाईंची भाची सपना परवानाधारक वायरमन आहे. भार वाढवायचा अर्ज तिनेच भरला. मग मीटर लावला आणि सांगितलं, की या घराला अर्थिंगच नाही. सगळ्या बोर्डांतली हिरवी तार मेन बोर्डापर्यंत येते, तिथून भिंतीत शिरते आणि आत नुसतीच संपते. जमिनीत काही जातच नाही. एखाद्या यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली, तर ती हात लावणाऱ्या माणसातूनच जमिनीत जाईल, असं ती म्हणाली.

वायरिंग कोणी केलं, असंही तिने विचारलं. चाळीसगावचा एक ठेकेदार होता, आता हयात नाही, असं मी सांगून टाकलं. उंदरांनी तार कुरतडली असेल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

पत्र येत राहावं.
तुमची द्रौपदा

धुळे, २५ जानेवारी

चि. द्रौपदा हिस,
जयभीम.

उंदीर नव्हते. १९९७च्या मे महिन्यात तुझ्या घराबरोबर आणखी तीन घरांची कामं मी घेतली होती. अर्थिंगचा खड्डा घ्यायला गेलो तर मुरूम कडक लागला, मजूर कंटाळले. पावसाळ्यानंतर घेऊ असं ठरवलं, आणि अर्थिंग झाल्याचं लिहून वीज कंपनीला द्यायच्या टेस्ट रिपोर्टवर सही केली. पुढे शिरपूरला मोठं काम मिळालं. चारही घरांचे खड्डे राहिले ते राहिलेच.

दरवर्षी भाऊबीजेला तुझ्या स्वयंपाकघरात जेवलो. फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात, असं दाजी एकदा म्हणाले. मी त्यांना पायात चप्पल घालायला सांगितलं. ते शेवटपर्यंत घरात चप्पल घालून वावरले. ते हृदयविकाराने गेले, विजेने नाही, याचा मी मनात आधार घेत आलो.

आवाज होता तेव्हा हे बोललो नाही. सपनाला माझं नाव सांग. बाकीच्या तीन घरांचे पत्ते मागे लिहिले आहेत.

लोभ असावा असं लिहायला आज हात धजत नाही.
झिपरू

जळगाव, ९ फेब्रुवारी

ती. भाऊंना जयभीम. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं आणि आठ दिवस डब्यात ठेवून दिलं. काही हरकत नाही, असं लिहायला बसले होते. ते खरं नव्हतं, म्हणून फाडलं. प्रशील याच फरशीवर रांगायला शिकला.

सपनाला तुमचं नाव सांगितलं. तिने बाकीच्या घरांचे पत्ते मागितले. आपल्या मागच्या अंगणात खड्डा घ्यायला दोन माणसांना दीड दिवस लागला. तांब्याची पट्टी खाली गेली, हिरवी तार तिला जोडली, मीटरने बरोबर दाखवलं. भारही वाढवून मिळाला. मंगळवारी शेगडी लागली. आच दिसत नाही, त्यामुळे पहिली खिचडी करपली, आणि वास न आल्याने मला ते ताटात वाढल्यावरच कळलं.

रविवारी या. तिन्ही घरी जायचं आहे. झालं ते सगळं कागदावर लिहून आणा, सहीचंही. तुम्ही समोर उभं राहायचं, मी वाचून दाखवीन.

राग आहे, मायाही आहे. दोन्ही असू द्यावं.
द्रौपदा

धुळे, १८ फेब्रुवारी

चि. द्रौपदा हिस,
जयभीम आणि आशीर्वाद.

रविवारी संध्याकाळच्या एसटीने सुखरूप पोचलो. तू वाचत होतीस तेव्हा मी लोकांचे चेहरे पाहत होतो. पहिल्या घरी जीवरामने अर्थिंग कधीच करून घेतलं होतं. त्याने चहा दिला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या घरच्या कोकिळाबाईंनी सहीचं ऐकताच दार लावून घेतलं. सपनाचा नंबर तू दारात ठेवलास, ते बरं केलंस.

तिसऱ्या घरी भाडेकरू आहेत. त्यांच्यातल्या भूमिका नावाच्या बाईने सगळं ऐकून घेतलं, तारीख पुन्हा वाचायला लावली, आणि आज मुलांनी फ्रिज उघडायचा का, एवढंच विचारलं. आपल्याबरोबर आलेल्या सपनाने तिथल्या तिथे फ्रिज बंद करून पिन काढली, आणि आतलं दुधाचं पातेलं तू शेजारच्यांच्या फ्रिजमध्ये ठेवून आलीस. ती मला काहीही बोलली असती तरी चाललं असतं.

सोमवारी सपना तिथे खड्डा घेणार आहे. मी सकाळच्या पहिल्या गाडीने येतोय. मीटर काय दाखवतो ते पाहूनच निघेन. या वेळी टेस्ट रिपोर्टवर सही सपनाच करील.

आत जेवायला बसवू नकोस, दाराशी भाकरी-भाजी ठेवलीस तरी पुरे.
झिपरू