पन्नास फूट नळी

चि. धाकट्या,

आशीर्वाद. रागात असले तरी तो द्यायचा असतो, म्हणून देते.

मी बरी आहे. पायांची सूज उतरली. हृदय आणि फुप्फुसं दोघंही अंगचोरपणा करतात, म्हणून नाकातली ऑक्सिजनची नळी आता दिवसभर असते. वीज जाऊन मशीन बंद पडलं की नर्सबाई सिलिंडर आणेपर्यंत मी आकडे मोजते. परवा एकशे दहापर्यंत गेले. ते जाऊ दे. तुझ्या बायकोची कंबर कशी आहे? छोटी अजून अंगठा चोखते का?

मला इथे शुश्रूषागृहात सोडताना तू डॉक्टरांना म्हणालास, "आमच्या घरात ही नळी बाथरूमपर्यंत पोचणार नाही." मला खोकल्याची उबळ आली होती, म्हणून गप्प बसले. पण तीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाईसमोर मापाच्या थापा मारू नयेत. काल उशाखालची टेप काढून नळी मोजली. पुरती पन्नास फूट भरली.

त्या घराचे सगळे पडदे मी शिवलेत. कोपरान् कोपरा मला पाठ आहे. माझ्या खोलीतल्या प्लगपासून बाथरूमपर्यंत, कपाटाला वळसा घालूनसुद्धा, एकतीस फूट होतात. एकोणीस फूट नळी उरते.

तेव्हा आता दुसरं कारण शोध. बायकोला विचारू नकोस, स्वतः शोध. आणि ते पत्रात लिहू नकोस, इथे येऊन समोर बसून सांग. मला बोलताना धाप लागते, ऐकताना लागत नाही.

तुझी थोरली बहीण