ड्रॅगनचे डोळे आणि बाकीची मिळकत

मी, दातांच्या कवळ्या बनवून संसार केलेला माणूस, डोके शाबूत आणि हात निकामी असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता ही व्यवस्था सांगत आहे. लिहून घेत आहेत शेजारच्या बाई, कारण माझ्याच्याने पेन धरवत नाही.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक पत्नीची. ती असेपर्यंत "आता आमच्याकडेच या" म्हणून कोणी तिला घर विकायला लावू नये. तिच्यानंतर सगळे मुलाचे.

२. धाकट्या भावाला माझे दिव्याचे भिंग द्यावे. "या वयात खेळणी रंगवतोस?" असे तो चारचौघांत म्हणाला होता. त्या भिंगातून त्याने मी रंगवलेल्या बोटभर चेटकिणीच्या झग्याच्या चुण्या एकदा नीट पाहाव्यात. मग आमचे भांडण मिटले असे समजावे.

३. मागच्या खोलीतले सर्व राक्षस, चेटकिणी, बुटके योद्धे, रंग आणि ब्रश सुनेचे. या चिमुकल्या पुतळ्यांचा पटावरचा खेळ मी मुलासाठी आणला होता. त्याचा नाद सुटला, मला लागला. माझा हात थरथरू लागला तेव्हा सून आपणहून शेजारी येऊन बसली. "तुम्ही सांगा बाबा, मी रंगवते."

सांगणे सोपे नाही. ती घट्ट रंग लावते आणि चिलखतावरचे बारीक खवले बुजतात.

"पाणी घाल थोडं."

"पातळ केला तर काही दिसतच नाही, बाबा."

"एका हातात नाही दिसणार. वाळू दे, मग दुसरा हात दे."

तरी तिला उमजेना. दाखवायला म्हणून मी ब्रश घेतला आणि माझ्याच धक्क्याने काळ्या रंगाची बाटली खेळातल्या ड्रॅगनवर उपडी झाली. त्याच्या पंखांवर मी वर्षभर राबलो होतो. मी पुसायला गेलो तर रंग आणखी पसरला. शेवटी तिने माझे दोन्ही हात धरून मांडीवर ठेवले.

४. तो ड्रॅगन तिने धुऊन, अस्तराचा रंग देऊन पुन्हा रंगवला आहे. डोळे राहिले आहेत. "ते कोण करणार?" असे तिने विचारले होते. त्याचे उत्तर आता देतो. तिने करावेत. ब्रश फक्त टोकाशी बुडवावा, मनगट टेबलाला टेकवावे, श्वास सोडून झाल्यावर ठिपका द्यावा. चुकले तर ओल्या ब्रशने लगेच टिपून घ्यावे. नाहीच जमले तर तसेच ठेवावेत. तिला कोणी बोलू नये, मुलाने तर मुळीच नाही.

सही करून पाहिली. रेघ कागदाबाहेर गेली. म्हणून डाव्या हाताचा अंगठा.

ठिकाण: राहत्या घराची मागची खोली
दिनांक: गुरुवार, पाच तारीख

साक्षीदार:
१. घरचे डॉक्टर. यांची बुद्धी ठीक असल्याची खात्री केली. (सही)
२. शेजारच्या बाई, निवृत्त शिक्षिका. वाचून दाखवले, त्यांनी मान डोलावली. अंगठा उठवताना हात आम्हा दोघांना मिळून धरावा लागला. (सही)