३३३३३३३३१ला कोणी भागू शकत नाही

२ मार्च
संचालकांनी बोलावलं. टेबलावर तंबाखूची डबी, दाढीत तंबाखू. शी. म्हणाले की दोम्ला (इथे प्राध्यापकाला असंच म्हणतात), साठी आली, गणित विभागाचं प्रमुखपद झुल्हुमोरला द्यावं म्हणतोय. तुम्ही काही नवीन दाखवलंत तर बघू. झुल्हुमोर! माझीच विद्यार्थिनी. पेन चावते.

५ मार्च, पहाटे
सापडलं! ३१ मूळ संख्या. ३३१, ३३३१, ३३३३१ही, असं थेट सात तिनांपर्यंत. जुन्या तक्त्यात पाहिलं, एकालाही कोणी भागत नाही. म्हणजे आठ तीन आणि शेवटी एक, हीसुद्धा मूळच. दुसरं काय असणार? संकल्प: रोज दोन तास भागाकार करून खात्री करणे.

६ मार्च
३, ७, ११, १३ने भागलं. बाकी उरते. १७चा पाढा मला शाळेपासून ओंगळ वाटतो, म्हणून सरळ १९ घेतला. बाकी. पुरे झालं. संशय हे हलक्या माणसांचं काम.

९ मार्च
साठीच्या नाहोरचं, म्हणजे पहाटेच्या पलावचं, आमंत्रण अख्ख्या मोहल्ल्याला दिलं. तिथेच संख्या जाहीर करणार. बायको, मुकद्दस, म्हणाली, "अहो, आधी नीट तपासा. एकदा बोलावलं की बोलावलं; नाहोर मागे घेतला तर बुखारात तोंड दाखवायला जागा नाही." चाळीस वर्षं गणितज्ञाबरोबर राहून ही अक्कल.

१४ मार्च
जरीकाम करणाऱ्याकडून नवा चापान, म्हणजे मानाचा लांब अंगरखा, आला. पाठीवर सोनेरी तारेनं संख्या. दोन खांद्यांत बरोबर मावली. मुकद्दस म्हणते, पाठीवर आकडा कैद्यांच्या असतो. घरातच वैरी.

१८ मार्च, दुपारी
पलाव उत्तम. माणसं ओंगळ. कोपरापर्यंत तूप.
संचालकांनी सगळ्यांसमोर मला चापान घातला. टाळ्या झाल्या. मी पाठ दाखवून उभा राहिलो. मागून झुल्हुमोरचा आवाज, अगदी हळू: "उस्ताद... सतरानं भाग जातो हो." मी म्हटलं, मुली, चहा पी. तेवढ्यात शेजारचा कसाई ओरडला, "दोम्ला, हलू नका, बघू दे!" आणि माझ्या पाठीवरून आकडे वाचत चारपाच जण कागदी रुमालांवर भागाकार करू लागले. पाहुणे उठेपर्यंत यजमानानं चापान काढायचा नसतो. दोन तास मी तसाच वळत राहिलो. ज्याला दिसत नव्हतं तो खांदा धरून फिरवायचा.
१९६०७८४३. बाकी शून्य. प्रत्येकाचं उत्तर तेच.
सगळ्यांची किळस आली. मग स्वतःची जास्त आली.

२० मार्च
प्रमुखपद झुल्हुमोरला. ती घरी आली, दाराजवळच्या गादीवर बसली, वर मानाच्या जागी बसायला तयारच होईना. म्हणाली की उस्ताद, पहिल्या वर्षाची मुलं फार कच्ची आहेत, तासिका तत्त्वावर का होईना, याल का? मी तिरसटपणे विचारलं, शिकवायचं काय?
तिनं मान खाली घातली. म्हणाली, भागाकार.
मी लगेच हो म्हणालो.