जाऊ नको, बस माझ्याजवळ

गुरुवार, ७ मार्च २००२, शारजा

कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज गेला. ते टाइप करतील ते बोलून दाखवावं म्हणून सहा महिने खपून मी कॉम्प्युटरला मराठी शिकवलं. शब्द जमले, पण कुठे थांबायचं ते त्याला अजून कळत नाही. आणि ते शिकवणं माझंच काम ना?

आज संध्याकाळी मुक्ता खाली खेळायला निघाली. बाबांनी घाईघाईत टाइप केलं, स्वल्पविराम राहिला.

मशीन म्हणालं, "जाऊ. नको बस माझ्याजवळ."

"ओके, आजोबा," म्हणून माझी लेक गेलीसुद्धा. हाक मारणार कशी? बाबा दाराशी पोचेपर्यंत लिफ्ट खाली गेली होती.

दुबईच्या ऑफिसातून मी घरी आले, आजोबांना सोडून का गेलीस विचारलं, तर मुक्ता रडवेली. "बट आई, ही टोल्ड मी नॉट टू सिट!"

एवढासा थांबा, तोही चुकीच्या जागी.

"बाबा, उद्या दुरुस्त करते."

त्यांनी वहीत लिहिलं, "राहू दे. मला चिपळूणला पाठव."

"तिथे कोण आहे आता?"

"माझे हातवारे कळणारी माणसं."

मी हो म्हटलं. मुक्ताला अजून सांगितलेलं नाही.